घोडा तोच, डोकं नवं

फार पूर्वी, युरोपातले राजे कुरळ्या केसांचे टोप घालून मिरवत, तेव्हा तिथल्या एका छोट्या राज्यात एक हौशी राजा होता. त्याच्या सैन्याने एक लढाई जिंकली. राजा त्या वेळी दूर टेकडीवर छत्रीखाली बसून दुर्बिणीतून मजा पाहत होता. तरी त्याने तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापणाऱ्या कारागिराला बोलावलं.

“मी सगळ्यांत पुढे हवा. उधळलेल्या घोड्यावर, तलवार उपसून!”

“जशी आज्ञा, महाराज,” कारागीर म्हणाला. त्याला फार कष्ट पडले नाहीत. लढाईचा पत्रा त्याच्याकडे तयारच असे. गिऱ्हाईक राजा बदलला की जुनं डोकं घासून काढायचं आणि नवं कोरायचं, अशी त्या धंद्याची रीतच होती.

चित्रं गावोगाव गेली. खानावळीत राजा, न्हाव्याच्या दुकानात राजा! प्रजेचा ऊर भरून आला.

पुढे एका पुलावरून शेजारच्या राजाशी तंटा झाला. दोन्ही सैन्यं समोरासमोर आली. राजा सवयीने टेकडीकडे निघाला, तोच शिपाई म्हणाले, “महाराज, तिकडे कुठे? तुमची जागा पुढे! चित्रात पाहिलंय आम्ही.”

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर अब्रू जाते, हो म्हणावं तर जीव. राजा एकेक पाऊल मोजत पुलावर गेला. समोरून शेजारचा राजा आला, तोही तसाच. त्याने घाईघाईने खिशातून कागद काढला.

“परत फिरा! हे पाहा, मी लढाईत असा असतो.”

राजाने पाहिलं. घोडा तोच, तलवार तीच, पायाशी लोळणारे शत्रूही तेच. फक्त डोकं वेगळं.

“महाराज, हा तर नुसता कागदी वीर!” पाठोपाठ आलेला सेनापती कुजबुजला. “हुकूम द्या, आत्ता तुटून पडतो.”

राजाने मागे वळून पाहिलं. शिपाई त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते. यातले किती जण घरी परततील, या विचाराने त्याला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

“राजेसाहेब,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “माझंही चित्र खोटंच आहे. मी टेकडीवर बसलो होतो, छत्रीखाली.”

मग शेजारचा राजा हळूच म्हणाला, “मी तंबूत होतो. पलंगाखाली.”

दोन्ही सैन्यांत असा हशा पिकला की कुणाला बंदूक धरवेना. हसता हसता पूल दोघांचा ठरला. राजाला वाटलं होतं, आता आपल्याला कुत्रं विचारणार नाही. पण शिपायांनी त्याला खांद्यावर बसवून घरी नेलं.

तात्पर्य: लढाईतलं शौर्य चित्रात कोरून घेता येतं; खरं बोलण्याचं शौर्य मात्र अंगीच असावं लागतं.