साळूचे बीळ आणि भारद्वाजाची मध्यस्थी

सागाच्या एका जुन्या रानात, मुरमाड टेकडीच्या पोटात, एका म्हाताऱ्या साळूचे बीळ होते. बालमित्रांनो, साळू म्हणजे ती अंगावर काळेपांढरे काटे मिरवणारी आणि चालताना सळसळ वाजणारी. तिचे बीळ साधेसुधे नव्हते. तरुणपणी तिने आणि तिच्या नवऱ्याने नखे झिजेपर्यंत टेकडी कोरून ते केले होते. त्याला उगवतीकडे एक दार होते, मावळतीकडे एक, आणि संकटात निसटायला करवंदीच्या जाळीत उघडणारी एक चोरवाटही होती. पुढे नवरा गेला, पिल्ले मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली आणि एवढ्या मोठ्या बिळात साळू एकटी उरली.

एकटेपणाचे तिला फारसे काही वाटत नसे. तिचे दुखणे वेगळे होते. तिचे गुडघे धरले होते आणि पाणी होते टेकडीच्या पायथ्याशी, ओढ्यात. खाली उतरणे कसेबसे जमे, पण वर चढताना जीव मेटाकुटीला येई. मागच्या उन्हाळ्यात तर अर्ध्या वाटेतच तिचे पाय गळाले आणि सबंध दिवस ती एका खडकाच्या आडोशाला तहानेने तळमळत पडून राहिली. त्या दिवशी तिने मनाशी ठरवले, की पुढचा उन्हाळा टेकडीवर काढायचा नाही.

ओढ्याकाठी उंबराखाली मऊ मातीची एक छान जागा होती. त्या काठाची देखरेख एक वृद्ध कासव करीत असे. साळूने त्याला गाठून जागा मागितली. कासव भल्या मनाचे होते. पळसाची फुले झडेपर्यंत जागा तुझ्यासाठी राखून ठेवतो, पण एक रानडुक्करही तिच्यावर डोळा ठेवून आहे, त्याला त्यापुढे थोपवता येणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले.

आता, जागा मिळाली तरी तिथे नवे बीळ खणायचे कोणी? साळूच्या अंगात ती ताकद राहिली नव्हती. पण त्या रानात एक चांगली रीत होती. ज्याला दुसऱ्याचे तयार बीळ हवे असेल, त्याने बीळ सोडणाऱ्याला तो सांगेल त्या जागी नवे बीळ खणून द्यायचे. ते किती मोठे, किती खोल, किती खोल्यांचे, हे दोघांनी आधी बोलून ठरवायचे. आणि हे बोलणे घडवून आणायला एक मध्यस्थ असे. तो म्हणजे भारद्वाज. तांबूस पंखांचा आणि लाल डोळ्यांचा हा पक्षी दिवसभर झुडपाझुडपांतून चालत फिरे. कोणाला घर हवे आहे, कोणाला नको आहे, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसे. नवे बीळ खणताना जी माती वर येईल तिच्यातले किडे ही त्याची दलाली. बीळ मोठे झाले तर किडे जास्त मिळत, त्यामुळे जुने बीळ सोडणाऱ्याचे भले झाले की त्याचेही भले होई.

साळूने भारद्वाजाला बोलावले. तो आला, दारे बघितली, खोल्या बघितल्या, चोरवाटेत शिरून करवंदीतून बाहेर निघाला. मग तो म्हणाला, "मावशी, बीळ उत्तम आहे. पण याच्यात काही खोट असेल तर ती आत्ताच मला सांगा. गिऱ्हाइकाच्या आधी मला कळायला हवी."

साळूच्या मनात चर्र झाले. कारण खोट होती. सर्वांत आतली खोली पावसाळ्यात पाझरत असे. तिथल्या ओल्या भिंतीवर साळूने चिखल लिंपला होता आणि जमिनीवर सागाची वाळलेली पाने पसरली होती. हे सांगितले तर बिळाची किंमत जाईल, असे तिला वाटले. "खोट कसली असणार? बीळ खडखडीत कोरडं आहे," ती म्हणाली.

भारद्वाजाने मान डोलावली. पलीकडच्या टेकडीवर असेच एक बीळ नुकतेच दिले गेले होते आणि त्याच्या बदल्यात दोन खोल्यांचे नवे बीळ मिळाले होते, तेव्हा आपणही तेवढेच मागावे, असा सल्ला त्याने दिला. दारात साचलेले गळके काटे झाडून टाकावेत, मावळतीच्या दारावर वाढलेले झुडूप कापावे आणि गिऱ्हाईक आले की घटकाभर बाहेर जाऊन बसावे, असेही सुचवले. साळूला मात्र हे ऐकून राग आला. आयुष्यभर राबून केलेल्या घराला हा कालचा पक्षी नावे ठेवतो, म्हणजे काय!

त्याच संध्याकाळी एक कोल्हा तिकडून चालला होता. साळूने आपले गाऱ्हाणे त्याच्यापुढे मांडले. कोल्ह्याने बिळात डोके घातल्यासारखे केले आणि तोंडभर स्तुती केली. "आजी, हे बीळ नाही, महाल आहे. चार खोल्यांच्या खाली बोलूच नका. गिऱ्हाइकांची रांग मी लावतो," असे म्हणून तो शेपटी उडवत निघून गेला.

साळूला हे बोलणे गुळासारखे गोड लागले. तिने भारद्वाजाला कळवून टाकले, की चार खोल्या मिळाल्या तरच पुढे बोल. भारद्वाजाने समजावून पाहिले, पण बीळ तिचे होते, म्हणून तो चार खोल्याच सांगत फिरला. ऐकणारे हसत आणि दुसरीकडे वळत. हिवाळा सरला, पळसाला कळ्या धरल्या. कोल्ह्याची रांग दूरच राहिली, स्वतः कोल्हासुद्धा पुन्हा फिरकला नाही.

शेवटी भारद्वाजाच्या आग्रहावरून एक मुंगूस आपल्या बायकोला घेऊन बीळ बघायला आले. साळू काही बाहेर गेली नाही. ती त्यांच्या मागेमागे फिरत राहिली. ही खोली कशी खणली, इथे माझा धाकटा जन्मला, तिथे आमचे हे बसायचे, असे तिचे अखंड चालले होते. बिचाऱ्या मुंगसांना धड बघता येईना की आपसात बोलता येईना. दारातल्या काट्यांतला एक मुंगसाच्या पायात शिरला. एवढ्यात मुंगशीण आतल्या खोलीत गेली आणि सवयीने तिने पाने उकरली. खाली माती काळी आणि ओली होती. लिंपलेल्या भिंतीला तिने पंजा लावताच चिखलाचा पोपडा गळून पडला.

"आमची पिल्लं पावसाळ्यात व्हायची आहेत," ती शांतपणे म्हणाली आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली.

भारद्वाज दारातच उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. "मावशी, बीळ कोरडं आहे असं मी त्यांना माझ्या शब्दावर सांगितलं होतं," तो म्हणाला. "माझ्याजवळ शब्दाशिवाय दुसरं आहे काय? तुम्ही मला अंधारात ठेवलंत, तर मी तुमच्यासाठी उजेडात काय शोधणार?" आणि उत्तराची वाट न पाहता तो झुडपात नाहीसा झाला.

साळू मावळतीच्या दाराशी बसली. समोरच्या उतारावर पळस लालभडक फुलला होता. एरवी ती फुले बघून तिला बरे वाटे. आता मात्र एकेक पाकळी खाली पडताना दिसली की ओढ्याकाठची जागा तेवढी लांब गेल्यासारखी वाटे. खडकाच्या आडोशाला काढलेला तो दिवस तिला आठवला. आपण भारद्वाजाला आपला माणूस समजून वागलोच नाही, त्याला गिऱ्हाइकासारखेच फसवले, हे तिला कळून चुकले. कोल्ह्याने आपल्याला हवे ते ऐकवले होते. भारद्वाजाने ऐकवले ते आपल्या उपयोगाचे होते.

तिने त्याला पुन्हा बोलावणे धाडले. तो आला, पण दूरच्या फांदीवर बसला. साळूने काही लपवले नाही. खोली कुठून पाझरते, किती पाझरते, लिंपण कशासाठी केले, सगळे सांगितले. "चुकले रे बाबा. आता तू म्हणशील तसं," ती म्हणाली.

भारद्वाज खालच्या फांदीवर आला. त्याने एका शब्दानेही टोचले नाही. उलट तो एकेक गोष्ट विचारू लागला. पाझर कधी सुरू होतो? पाऊस संपल्यावर किती दिवस टिकतो? उन्हाळ्यात ती खोली कशी असते?

"उन्हाळ्यात?" साळू म्हणाली. "उन्हाळ्यात तिथे असा गारवा असतो, की बाहेर वणवा पेटला तरी कळू नये."

भारद्वाजाचे लाल डोळे चमकले. "मग आपण चुकीचं गिऱ्हाईक शोधत होतो, मावशी. ज्याला उन्हाळ्यात गारवा हवा आणि जो पावसाळ्यात इथे राहणारच नाही, असा कोणीतरी बघायला हवा. ते माझ्यावर सोडा. तेवढ्यात तुम्ही काटे झाडून घ्या."

साळू कामाला लागली. गुडघे कुरकुरत होते, तरी तिने दारातले काटे झाडले, मावळतीचे झुडूप दातांनी कुरतडून काढले. आतल्या खोलीतली पानेही तिने बाहेर ओढली आणि भिंतीवरचे लिंपण खरवडून टाकले. संध्याकाळचे ऊन मावळतीच्या दारातून थेट मधल्या खोलीपर्यंत पोहोचले, तेव्हा आपले बीळ इतके देखणे आहे हे तिचे तिलाच नव्याने कळले.

काही दिवसांनी भारद्वाज एका खोकडाच्या जोडप्याला घेऊन आला. खोकड म्हणजे कोल्ह्याहून लहान, झुपकेदार शेपटीचा प्राणी. खोकडीण गाभण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. माळावरचे त्यांचे बीळ ढासळले होते. पिल्लांना गारवा मिळावा म्हणून बीळ टेकडीतच हवे होते, पण तिथल्या मुरमात नवे खणायला वेळ उरला नव्हता. पावसाळ्यापर्यंत पिल्ले पळती झाली, की हे कुटुंब मोकळ्या माळावर जाणार होते.

या वेळी साळू करवंदीच्या सावलीत जाऊन बसली. आत काय चालले आहे हे जाणून घ्यायला जीव कासावीस होत होता, तरी ती हलली नाही. भारद्वाजाने जोडप्याला आधी पाझरणारी खोलीच दाखवली आणि पावसाळ्यात ती वापरू नका असे बजावून सांगितले. खोकडीण त्या गार मातीवर अंग टेकून बसली, ती उठेचना. पिल्ले इथेच होतील, असे तिने नवऱ्याला सांगून टाकले.

बोलणी मात्र बाकी होती. भारद्वाज साळूकडे आला आणि तिला एवढेच विचारले, "मावशी, खोल्या किती ते राहू द्या. नव्या घरात तुम्हाला खरोखर काय हवंय?"

साळूने विचार केला. पाणी जवळ हवे होते, चढ नको होता आणि ओढ्याला पूर आला तर भीती नको होती. भारद्वाजाने ते सगळे मनात धरले आणि जाऊन खोकडांशी बोलणे लावले.

तो परत येण्याआधीच कुठूनसा कोल्हा उगवला. त्याने सगळे हेरले होते. "आजी, ते अडलेले आहेत," तो कुजबुजला. "त्या पाखराला बाजूला सारा. चार खोल्या मागा, पाचही देतील. तुमच्या वतीने मी बोलतो."

साळूने काटे फुलवले. सळ्ळकन आवाज झाला आणि कोल्हा दोन पावले मागे सरला. "माझ्या वतीने बोलणारा आत बोलतो आहे," ती म्हणाली. "तो नाही म्हणेल तेही मला मान्य आहे. तू आपल्या वाटेने जा." कोल्हा खाली मान घालून निघून गेला.

भारद्वाज बाहेर आला तो पिसे फुलवतच. ओढ्याकाठची माती मऊ, तिथे खणणे खोकडांना सोपे होते, हे त्याने हेरले होते. शिवाय खोट आधीच दाखवल्यामुळे खोकडांचा त्याच्यावर भरवसा बसला होता. तीन खोल्या, पुराच्या रेषेच्या वर दार आणि तिथून पाण्यापर्यंत हळूहळू उतरत जाणारी रुंद वाट, असे ठरले होते. दोनच खोल्या मागायच्या होत्या, मिळाल्या तीन. साळूने काटे मिटून घेतले, म्हणजे भारद्वाजाला जवळ येऊन बसता यावे.

दुसऱ्या दिवसापासून उंबराखाली माती उडू लागली. खोकडाचे भाऊ आले, मेहुणे आले, आणि सगळे मिळून खणू लागले. भारद्वाज त्यांच्या मागोमाग चालत ताज्या मातीतले गलेलठ्ठ किडे टिपत होता. मध्येच एखादी भिंत वाकडी दिसली, तर पुन्हा करायला लावत होता. रानडुक्कर एकदा येऊन बघून गेले आणि फुरफुरत परत फिरले. पळसावर मूठभर फुले शिल्लक होती, तेव्हा बीळ पूर्ण झाले. कासवाने डोके बाहेर काढून नव्या शेजारणीचे स्वागत केले.

टेकडीवर खोकडिणीला पिल्ले झाली आणि गार खोलीत सुखाने वाढू लागली. मग कडक उन्हाळा आला. पाने करपली, खडक तापले. अशाच एका दुपारी साळूला तहान लागली. ती सावकाश उठली, रुंद वाटेवरून एकदाही न थांबता ओढ्यापर्यंत चालत गेली आणि पुढचे दोन्ही पाय पाण्यात ठेवून पोटभर पाणी प्यायली.

तात्पर्य : आपल्या घरासाठी जो मध्यस्थ नेमला, त्याच्यापासून घराची खोट लपवू नये आणि गोड बोलणाऱ्याच्या नादी लागून त्याला सोडू नये, त्याला सारे खरे सांगितले, तरच तो योग्य गिऱ्हाईक आणि योग्य मोल मिळवून देऊ शकतो.