बाटलीतलं पाणी

"...पण वस्ताद, पाणी चांगलं आहे एवढं तुम्ही एकदा तोंडाने म्हणाल की नाही?"

अच्युत शेलारने हे तिसऱ्यांदा विचारलं.

दर्ग्याच्या ओट्यावर बसून बाबालाल वस्ताद वाळक्या भोपळ्याला नवी दोरी बांधत होते. आंबेघोळ धरणाच्या काठी चाळीस वर्षं त्यांनी पोरांच्या कमरेला असे भोपळे बांधून त्यांना पोहायला शिकवलं होतं.

अच्युत त्यांचा सगळ्यात तयारीचा चेला. चौदाव्या वर्षी त्याने धरण आडवं पार केलं होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी तो ते अजून सांगत असे.

आता तो पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत साहेब होता. उद्या सकाळी धरणात पोहण्याची शर्यत होती. एकशे ऐंशी मुलं उतरणार होती. 'पाणी पोहण्यास योग्य' अशा कागदावर सही त्याचीच लागत होती, आणि तो कागद सहाच्या आत आयोजकांच्या हातात पडायला हवा होता. साडेपाच वाजत आले होते.

कागद खिशात होता. सही तेवढी राहिली होती.

"तुझं यंत्र काय म्हणतंय?" वस्तादांनी विचारलं.

"चांगलं आहे म्हणतंय. तीन ठिकाणचे नमुने, तिन्ही पास."

"मग झालं की."

"झालंच."

...

पण तो उठला नाही.

"नमुने कुणी घेतलं?"

"मी स्वतः. हाताखालच्या माणसांवर सोडलं नाही." अच्युतची मान जरा ताठ झाली. "बाटली कशी धरायची, किती खोल बुडवायची, मी इतरांना शिकवतो वस्ताद. माझ्या नमुन्यात आजवर कुणी खोट काढलेली नाही."

"मग माझ्याकडं कशाला आलास?"

अच्युतने खालच्या घाटाकडे पाहिलं. पश्चिमेचा वारा सुटला होता आणि पायऱ्यांना हिरवा तवंग येऊन लागला होता. दर पावसाळ्यानंतर लागतो, त्याने स्वतःला समजावलं. आज सकाळपासून तो हेच समजावत होता.

"ओवीच्या अंगावर पुरळ उठलंय," तो हळूच म्हणाला.

ओवी त्याची मुलगी. अकरा वर्षांची. उद्याच्या शर्यतीत तिचंही नाव होतं.

"कवापासनं?"

"बुधवारी सरावाला उतरली होती. रात्री दोनदा उलटी झाली. बायको म्हणाली, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. मीही म्हटलं, असेल."

तसं म्हणणं सोयीचं होतं. पण तो घाबरला होता. साहेब माणसाने असं घाबरलेलं कुणाला दाखवायचं? म्हणून तो वस्तादांकडे आला होता. त्यांनी एकदा 'चांगलं' म्हटलं असतं, तर इथेच ओट्यावर सही ठोकून तो मोकळा झाला असता.

भिंतीला पंधरा-वीस भोपळे टांगले होते. त्यातला एकही ओला नव्हता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"शिकवणी बंद आहे?"

"आठ दिस झालं."

"का?"

"वास येतोय."

अच्युत वैतागला. "वस्ताद, नाकाने पाणी ओळखायचे दिवस गेले आता! लोकांनी वर्षभर तयारी केली आहे. वासावरून मी शर्यत कशी थांबवू? मला पुरावा नको?"

"हवा की." वस्तादांनी भोपळा बाजूला ठेवला. "बाटली हाय का गाडीत?"

"आहे."

"आण. भर माझ्याम्होरं. मलाबी शिकव."

खिशातला फोन थरथरला. आयोजकांचा होता. अच्युतने तो उचलला नाही आणि गाडीतून बाटली आणली. दोघं घाट उतरले. वस्तादांना गुडघ्यांमुळे पायऱ्या एकेक करून उतराव्या लागत होत्या आणि अच्युत घड्याळाकडे बघत होता. सहाला वीस मिनिटं कमी.

"कुठं घेतलंस?"

"पहिला नमुना इथेच. शेवटच्या पायरीवर. मुलं जिथून उतरणार तिथूनच घेतला."

"घे."

अच्युत उकिडवा बसला. बाही वर केली. बाटलीचं झाकण काढलं, आत बोट लागू दिलं नाही. डाव्या हाताने पाण्यावरचा हिरवा तवंग बाजूला सारला. एकदा, दोनदा, तीनदा. मधे परातीएवढं स्वच्छ पाणी उघडं पडलं. त्यात त्याने बाटली उलटी धरून वीतभर खाली नेली, सावकाश फिरवली, भरून वर काढली, झाकण घट्ट लावलं.

सगळं शिस्तीत. कुठेही चूक नाही.

डावा हात त्याने पँटीला पुसला आणि बाटली उन्हात धरली.

"बघा. नितळ."

वस्तादांनी बाटलीकडे पाहिलंच नाही. ते पाण्याकडे पाहत होते. सारलेला तवंग हळूहळू मागे येत होता. परातीएवढी जागा ताटलीएवढी झाली, मग वाटीएवढी, मग मिटली.

"हे कुठं शिकलास?"

"प्रशिक्षणात. बाटली वीतभर..."

"ते न्हवं. डाव्या हाताचं."

"डाव्या हाताचं काय? आई शिकवायची, पाणवठ्यावर. वरचं पाणी बाजूला सारायचं आणि मग घागर बुडवायची. आपल्याकडे सगळेच तसंच..."

तो थांबला.

...

इथे असंच सारलं होतं. मधे होडीतून वाकून असंच. धरणाच्या भिंतीजवळही असंच. तीन बाटल्या. तिन्ही पास.

आणि ओवी डोकं खाली घालून पोहते. श्वास घ्यायला तोंड उघडते ते पाण्याच्या अगदी वरच्या थरात.

फोन पुन्हा वाजला. वाजून वाजून थांबला.

"वस्ताद, मी काय करू?"

बाबालाल वस्तादांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि घाट चढायला एक पाय वरच्या पायरीवर ठेवला.

"उद्या एकशे ऐंशी पोरांच्या म्होरं तू पोह," ते म्हणाले, "अन् असंच सारत चल."