फॅट मागच्या खिडकीत

“पण सर, यात उणं काय आहे, ते तरी सांगा!”

प्रणित नेजदारने तिसऱ्यांदा विचारलं. आवटी सरांनी तिसऱ्यांदा चहाचा घोट घेतला.

दुधाची फॅट मोजायची यंत्रं बनवण्यात सरांची चाळीस वर्षं गेली होती. त्यांच्या यंत्रावर लाल आकडे उमटत, बस्स. प्रणित त्यांच्या हाताखाली दोन वर्षं शिकला आणि त्याने स्वतःचं पहिलं यंत्र बनवलं. आज गावच्या दूध संस्थेत त्याची चाचणी होती. सरांनी सही केली, तर तालुक्यातल्या सगळ्या संस्थांमध्ये प्रणितचंच यंत्र लागणार होतं.

यंत्राला रंगीत स्क्रीन होता. चित्रं काढायला ग्राफिक्सची वेगळी चिप होती.

“सेकंदाला साठ चित्रं, सर! खिडकीवरून खिडकी सरकते, पण कुठं अडखळत नाही. एवढ्याशा यंत्रात!”

“हं…”

तेवढ्यात तायाक्का किटली घेऊन आल्या. रांगेत त्यांचा पहिला नंबर. त्यांच्या दुधाचा नमुना यंत्रात गेला.

स्क्रीनवर एक गाय आली. तिने मान वळवली, शेपूट हलवली, डोळे मिचकावले. मग ‘सुस्वागतम्’ची खिडकी डावीकडून सरकत आली. तिच्यावर आजची तारीख, सावलीसकट, येऊन बसली.

“गाय झ्याक हाय,” तायाक्का म्हणाल्या. “पर माझी म्हस हाय.”

रांग हसली. प्रणितचे कान तापले.

“आन् फॅट किती लागली?”

“ती मागच्या खिडकीत आहे, आक्का. पुढच्या दोन बाजूला झाल्या, की दिसेल.”

“मग मी बसू का?”

आवटी सर उठले. कप हातात घेऊनच स्क्रीनच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. पाठ यंत्राकडे, तोंड प्रणितकडे.

“सर, जरा सरकता का? काही दिसत नाही.”

“मी दिसतोय ना?”

“तुम्ही दिसताय, पण…”

“शर्ट नवा आहे. सुनेनं घेतलाय.”

प्रणितने सरांच्या खांद्यावरून डोकावून बघितलं.

रांगेत किटल्या वाजायला लागल्या. सरांचा चहा संपला, तरी सर हलेनात.

शेवटी प्रणितने खाली बसून लॅपटॉप जोडला. सुस्वागतम् गेलं. तारीख बारीक होऊन कोपऱ्यात गेली. गाय पुसताना मात्र त्याला खरंच वाईट वाटलं. नुसत्या शेपटीवर त्याचे नऊ दिवस गेले होते.

“मग ती चिपसुद्धा काढून टाकू?” त्याने फणकाऱ्याने विचारलं.

“तिनं काय घोडं मारलंय?” म्हणत सर बाजूला झाले.

नमुना पुन्हा घातला. डोळ्याचं पातं लवायच्या आत स्क्रीनभर आकडा उमटला: ६.८.

“सहा आठ,” तायाक्का म्हणाल्या. किटली उचलून चालू लागल्या.

मागचा पुढे आला. सात एक. गेला. त्याच्या मागची आली. सहा चार. गेली. बघता बघता रांग संपली.

प्रणित रिकाम्या ओट्याकडे बघत राहिला. त्याचा आवाज अगदी पडला होता.

“सर… यंत्राकडे कुणी वळून बघितलंसुद्धा नाही.”

आवटी सरांनी चाचणीचा कागद पुढे ओढला, सही केली आणि म्हणाले,

“अभिनंदन!”