दहा अंगुळे कमी

विषय: ओढ्यावरील लाकडी साकव, लांबी अकरा हात.

वरील विषयी नमूद करण्यात येते की, फार पूर्वी एका गावात एक निवृत्त मोजणीदार होता. गावात म्हणजे, ओढ्याच्या पलीकडे. बायको गेल्यावर त्याच्या घरी येणारा एकच माणूस उरला, म्हातारा शिंपी. तो रोज ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत सोंगट्या खेळायला येई. पुढे दोघांचेही गुडघे गेले. वळणाची वाट चार कोसांची. म्हणून मोजणीदाराने कचेरीकडे साकव मागितला.

कचेरीने कळवले, ओढ्याचे माप आपणच पाठवावे.

दोरीचे एक टोक गावाच्या काठावर शिंप्याने धरले, दुसरे मोजणीदाराने. लाकूड जिथे टेकायचे त्या दगडापासून दगडापर्यंत माप निघाले अकरा हात दहा अंगुळे. मोजणीदाराने लिहिले, अकरा हात.

"आणि दहा अंगुळं?" शिंप्याने समोरून विचारले.

"चोवीस अंगुळांचा एक हात. बारा किंवा जास्त उरली तर पूर्ण हात धरायचा, कमी उरली तर सोडायची. हा नियम मीच कचेरीला घालून दिलाय, शिंपीबुवा."

"मी दहा अंगुळं सोडली तर सदऱ्याची बाही कोपरावर येते."

"ते शिवणकाम झालं. हे सरकारी काम आहे."

"मग बारा हात लिही. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

चाळीस वर्षे त्याने असेच मोजले होते आणि एकही तक्रार आली नव्हती. ज्यांची शेते आखडली त्यांना अर्ज लिहिता येत नव्हता, हा भाग वेगळा.

सुतार आला. त्याने कागद वाचून अकरा हातांचे लाकूड कापले. गावाकडचे टोक दगडावर बसले. मोजणीदाराच्या दारासमोरचे टोक दगडापर्यंत न पोहोचता पाण्यात गेले.

"अरे, खाली चार दगड तरी रच," मोजणीदार म्हणाला.

"कागदावर दगड नाहीत, आजोबा," सुतार म्हणाला आणि अवजारे आवरून गेला.

मोजणीदाराने तक्रार केली: साकव दहा अंगुळे कमी पडतो. सहा महिन्यांनी उत्तर आले: 'नियमानुसार दहा अंगुळे म्हणजे शून्य. सबब, साकव कमी पडत नाही.' मोजणीदाराने ते दोनदा तपासले. चूक सापडली नाही.

तेव्हा त्याने दुसरा अर्ज केला: नियम मी केला होता, तो चुकीचा आहे, रद्द व्हावा.

शिंपी काही दिवस संध्याकाळी समोरच्या काठावर येऊन बसे. दोघे ओरडून बोलत. पण ओरडून सांगण्यासारखे दोघांकडेही फारसे नसे. थंडी पडल्यावर तो यायचा थांबला. मोजणीदार एकटाच पट मांडून दोन्ही बाजूंनी खेळू लागला.

तात्पर्य, माहितीसाठी सादर: मोजताना आपण जे सोडून देतो, तेवढ्याच जागेवर कुणाचा तरी पाय पडायचा असतो.

दुसरा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.