आभाळ रंगवणारी भिवरा

एकदा काय झालं, एका राजाची संध्याकाळ विटली.

धुऊन धुऊन लुगडं विटतं ना, तश्शी. पूर्वी त्या नगरात सूर्य कलला की आभाळ केशरी, गुलाबी, जांभळं व्हायचं. आपोआप नाही हं! नगराच्या पश्चिमेला एक टेकडी होती आणि तिच्यामागे आभाळाचा पदर लोंबायचा. राजाचे गडी दोर लावून तो खाली ओढायचे, म्हातारा रंगारी तो तांब्याच्या काहिलीत बुडवायचा, आणि मग द्यायचे सोडून. पदर सर्रकन वर जायचा आणि रंग चहूकडे पसरायचा. पण रंगारी थकला. त्याला केशरी आणि करडा सारखेच दिसायला लागले. मग संध्याकाळी आभाळ कसं दिसायचं, तर भांडी विसळलेल्या पाण्यासारखं. लोक वर बघेनासे झाले. राजाला जेवण जाईना.

मग राजानं विचारलं, "आपल्या राज्यात रंगाचा हात कुणाचा चांगला?"

सगळे म्हणाले, "भिवराचा."

भिवरा खालच्या आळीत राहायची आणि लुगडी रंगवायची. तिनं रंगवलेलं लुगडं फाटेल, पण रंग जायचा नाही, अशी तिची ख्याती. घरात सासू, नवरा म्हादबा आणि लेक साळू. सांज झाली की भिवरा हात धुऊन ओट्यावर बसायची. हात धुऊन म्हणायचं आपलं, नखं निळीच राहायची. मग साळू शेजारी येऊन दिवसभराचं सगळं दाखवायची. हा मुंगळा, हा फुटका मणी, हे गुडघ्यावर खरचटलेलं. आईचं लक्ष नसलं की दोन बोटांनी तिची हनुवटी धरायची आणि तोंड आपल्याकडे वळवायची. "आई, बघ ना!" मग भिवरा बघायची आणि म्हणायची, "अगं बाई!" तेवढं ऐकलं की साळूचा दिवस पुरा झाला.

तर एके दिवशी राजाचा प्रधान दारात आला. म्हणाला, "बाई, आभाळ रंगवायला चला. दर महिन्याला सूपभर मोहरा पगार. सकाळी रंग कुटायचा, दुपारी उकळायचा, सांजेला आभाळ बुडवायचं, आणि चांदण्या लागल्या की घरी."

भिवराचा ऊर भरून आला. आभाळ! लुगडं नाही, आभाळ! आणि लगेच मनात आलं, सांजेला? म्हणजे रोज?

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

मग तिनं सासूला विचारलं. सासू म्हणाली, "सूपभर मोहरा म्हणजे चेष्टा आहे का भिवरे? जा. आम्हाला मेलं कुणी विचारलंही नाही कधी." आणि आत जाऊन पुन्हा बाहेर आली. "पण पोरीचं काय गं?"

मग तिनं शेजारच्या धोंडाकाकूला विचारलं. काकू म्हणाली, "जाऊ नको हो. लेकरू वाट बघतं." आणि जरा थांबून म्हणाली, "मला बोलावलं असतं ना, तर मी चप्पल न घालता पळाले असते."

मग तिनं नवऱ्याला विचारलं. म्हादबा म्हणाला, "तू म्हणशील तसं."

आता तुम्हीच सांगा, याला काय मदत म्हणायची? भिवराच्या डोक्यात नुसती रवी घुसळायला लागली. जावं तर चुकतंय, न जावं तरी चुकतंय. काम वाईट असतं तर प्रश्नच नव्हता. पगार फुटकळ असता तरी प्रश्न नव्हता. पण सगळंच चांगलं, त्याला काय करायचं? शेवटी तिनं ठरवलं, नाही म्हणायचं. आणि सकाळी प्रधान आला तेव्हा ती म्हणाली, "हो."

तिची तीच दचकली, बरं का.

पहिल्या दिवशी भिवरानं पळसाची फुलं उकळली. तुरटी घातली, कारण तुरटीशिवाय रंग धरत नाही. मग आभाळाचा पदर बुडवला आणि सोडला. असं केशर पसरलं म्हणता! गायी रवंथ करायच्या थांबल्या. राजा दोनदा जेवला. भिवरा घरी आली तेव्हा साळू झोपली होती. सकाळी साळू म्हणाली, "आई, काल काय झालं माहितेय? आभाळ—"

"अगं, ते मीच केलं!" भिवरा हसली.

"हो," साळू म्हणाली. "पण मला तुला दाखवायचं होतं ना."

दुसऱ्या दिवशी भिवरानं युक्ती केली. केशरी रंगाच्या कडेला एक पोपटी रेघ ओढली, फक्त साळूसाठी. सकाळी तिनं विचारलं, "दिसली का माझी रेघ?"

"दिसली. मग मी बाबांची हनुवटी धरली. बाबांची दाढी टोचते. आणि ते बघतात, पण 'अगं बाई' म्हणत नाहीत."

"काय म्हणतात मग?"

"'हं' म्हणतात."

बिचारा म्हादबा! त्यानं पोरीला जेवू घातलं होतं, न्हाऊ घातलं होतं, वेणीसुद्धा घातली होती, थोडी वाकडी. पण 'हं'ला तो काय करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी साळू गप्प होती. भिवरानं तिची वेणी सोडून पुन्हा घातली. "आज काही दाखवायचं नाही का?"

"काही नाही," साळू म्हणाली, आणि बाहेर खेळायला गेली.

तेवढंच. रडली नाही, रुसली नाही. पण भिवराच्या काळजात काहीतरी सरकलं. टेकडीवर जाताना तिच्या मनात तेच. रंग कुटताना तेच. ढवळताना तेच. खरंच काही नसेल का? की आता दाखवावंसंच वाटत नसेल? आणि दाखवणं एकदा थांबलं की पुन्हा सुरू होतं का? का ते दुधाच्या दातासारखं असतं, पडलं की पडलं?

अशा विचारात तिनं पदर बुडवला आणि सोडला. आणि पदर निम्मा वर गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

तुरटी!

झालं, आभाळ गळायला लागलं. टप टप टप. धोब्याची पांढरीशुभ्र धुणी केशरी झाली. बैलांची शिंगं केशरी झाली. देवळाबाहेर चपला होत्या, त्या केशरी झाल्या. आणि राजा नेमका सज्जात उभा होता, तोंड वर करून. त्याची एवढी लांब पांढरी दाढी, ती केशरी झाली!

राजा तसाच निथळत टेकडीवर आला. मागून प्रधान, त्याच्यामागून राणी.

"कुणी केलं हे?"

"मी केलं महाराज. तुरटी विसरले."

"का विसरलात?"

भिवरा खाली बघून म्हणाली, "माझी लेक सकाळी काही बोलली नाही."

राजाला काही कळलं नाही. पण प्रधानाला वाटलं, आपल्याला कळलं. तो राजाच्या कानाशी लागला. "पगार कमी पडला, महाराज."

मग राजा म्हणाला, "बाई, दोन सुपं देतो."

भिवरा नुसती काहिलीकडे बघत राहिली.

"बरं, तीन सुपं. पण रोज यायचं."

तीन सुपं! भिवरानं तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं की नाही, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. पण तेवढ्यात राणी पुढे झाली. तिनं दोन बोटांनी राजाची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. "अहो, बघू तरी! अगं बाई! अगदी झेंडूचं फूल दिसताय!" आणि राणी पोट धरून हसायला लागली.

राजा आधी रागावला. मग लाजला. मग त्यालाही हसू फुटलं. आणि भिवराला एकदम रडू आलं.

"काय झालं बाई?" राजा घाबरला.

"असंच," भिवरा म्हणाली. "अशीच हनुवटी धरते ती माझी. संध्याकाळी. मी घरी असले की."

राजानं आपल्या हनुवटीला हात लावला.

"महाराज," भिवरा डोळे पुसत म्हणाली, "आभाळ मला सोडवत नाही. आणि संध्याकाळही सोडवत नाही. एक दिवस आभाळ रंगवते, एक दिवस घरी राहते. पगार निम्मा द्या."

"आणि तुम्ही नसाल त्या दिवशी आभाळाचं काय?" प्रधानानं विचारलं.

"राहू दे की तसंच. आभाळच आहे ते."

प्रधान नाक मुरडायला लागला. पण राणी म्हणाली, "त्या दिवशी मी यांची दाढी बघेन." मग राजा काय बोलणार? कबूल झाला.

भिवरा टेकडी उतरली. निम्म्या वाटेवर तिला वाटलं, निम्मा कशाला म्हटलं मी? पाऊण म्हणायला हवा होता! पाव वाट उरली तेव्हा वाटलं, तीन सुपं म्हणजे केवढी असतात! आणि दाराशी आल्यावर वाटलं, हेही चुकलंच बहुतेक.

दुसऱ्या दिवशी ती घरी राहिली. सांज झाली. ती ओट्यावर बसली. आभाळ करडं, साधं. तिचे हात शिवशिवायला लागले. त्या कोपऱ्यात मंजिष्ठेचा थोडा तांबडा रंग हवा होता, असं तिला राहून राहून वाटत होतं. साळू आली. शेजारी बसली. पण गप्प. भिवराचा जीव टांगणीला लागला. विचारावं का? विचारलं आणि 'काही नाही' म्हणाली तर?

मग हनुवटीला दोन बोटं लागली.

"आई, वर काय बघतेस? इकडे बघ."

साळूनं परकराच्या घोळात काहीतरी लपवलं होतं. घोळ उघडला, तर आत शेळीचं पांढरं करडू. पण पांढरं कुठलं! कालच्या गळतीत सापडलेलं, शेपटीपासून कानापर्यंत केशरी!

"घासू नको हं," साळू म्हणाली. "कच्चा रंग आहे. उद्या जाईल. म्हणून आजच बघ."

जन्मभर पक्के रंग देणारी भिवरा त्या कच्च्या रंगाकडे बघतच राहिली. वरचं आभाळ केव्हा काळं झालं, तिला कळलंही नाही.

"अगं बाई!" ती म्हणाली.

तेव्हापासून असं आहे, बरं का. आभाळ रंगलेलं दिसलं की समजायचं, आज भिवरा टेकडीवर आहे. साधं दिसलं की समजायचं, आज ती ओट्यावर आहे. टेकडीवर असली की तिचे डोळे घराकडे, आणि ओट्यावर असली की मधूनच आभाळाकडे. तिनं बरोबर केलं का? तिला विचाराल तर सकाळी एक सांगेल, दुपारी दुसरं. पण राजा जेवला, राणी हसली, साळू मोठी झाली, करडाची शेळी झाली, आणि सगळे सुखात राहिले.

चला, मिटा डोळे आता. का गं, काय झालं? अजून काही दाखवायचं राहिलंय?

बरं, दाखव. मग झोप.