पेटीचा षड्ज

यंत्रं आपापसांत बोलत, पण माणसांना ते ऐकू येत नसे, त्या काळातली ही गोष्ट. मिरजेला गाणं शिकवणाऱ्या कमलिनीबाईंकडे विजेवर चालणारी तानपुऱ्याची पेटी होती. तिचा जाडजूड अडॅप्टर बंद पडला. बाईंनी दुकानात दोन नवे अडॅप्टर हातात घेऊन पाहिले आणि हलका, निम्म्या किमतीचा होता तो आणला.

पहिल्याच दिवशी पेटीच्या षड्जात घरघर मिसळली. पेटी कळवळून म्हणाली, "अरे, वीज जरा गाळून दे. माझा सूर बिघडतोय."

"गाळायचं सामान माझ्या पोटात घातलेलंच नाही," अडॅप्टर म्हणाला. "म्हणून तर मी स्वस्त आहे. तू चालतेस ना? मग झालं."

घरघर बाईंनाही खटकली, पण त्यांनी पेटीचा आवाज कमी केला आणि शिकवत राहिल्या. पेटी आतून रोज तापत गेली. एका दुपारी वीज गेली आणि उसळून परत आली. अडॅप्टरने ती जशीच्या तशी पेटीत सोडली. पेटीला ओरडताही आलं नाही.

जळका वास येताच बाई धावल्या. पेटीवर हात ठेवताना त्यांचे डोळे भरून आले.

"वय झालं होतं बिचारीचं," त्या शिष्येला म्हणाल्या. "अडॅप्टर मात्र नवाच आहे. जपून ठेव, पुढच्या पेटीला होईल."