ठकूच्या लुगड्याचा लाल

फार पूर्वी, गावं नावापेक्षा खुणेनं ओळखली जात त्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. लोक त्याला तळ्याचं गाव म्हणत. माणसं, गुरं आणि शेतं, सगळी त्या एका तळ्याच्या पाण्यावर जगत.

एका वर्षी त्या तळ्याचा बांध फुटला. आठ जण भगदाडात उतरले आणि बाकीचे दगडमाती आणेपर्यंत खांद्याला खांदा लावून पाणी अडवत उभे राहिले. सात पुरुष आणि एक बाई. बाईचं नाव ठकू. बांध वाचला, तळं वाचलं, गाव वाचलं.

पुढे एक फिरता चितारी गावात आला. त्यानं तो प्रसंग चावडीच्या भिंतीवर रंगवला. त्याला कुणी काय सांगितलं कोण जाणे, पण भिंतीवर सातच जण उतरले. तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये, जिथं ठकू उभी होती, तिथं नुसतं गढूळ पाणी राहिलं.

चाळीस वर्षं गेली. ते सातही जण गेले, ठकूही गेली. ठकूची धाकटी बहीण सुंद्राआक्का तेवढी म्हणायची, "माझी बहीण होती त्यांच्यात." लोक मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, म्हातारीची माया आहे.

एकदा गावाची बैठक भरली असताना आक्का उभी राहिली. म्हणाली, "मी पिकलं पान. मी गळून पडले की ठकूचं नाव घेणारं कुणी नाही. तिला तिच्या जागेवर उभी करा. आणि अशी उभी करा, की ती मागाहून आली असं कुणाला वाटू नये. ती पहिल्यापासून तिथंच होती."

पाटील उठले. त्यांचे वडील त्या सातांपैकी एक. ते म्हणाले, "जाताना वडिलांनी मलाही ठकूचं नाव सांगितलं होतं. मी गप्प राहिलो, ती माझी चूक. येत्या जत्रेला ठकू भिंतीवर असेल."

त्यांनी राजधानीतून मोठा चितारी बोलावला. तो आपले उत्तम रंग घेऊन आला आणि चार दिवसांत ठकू उभी राहिली. लुगडं हिंगुळासारखं लालभडक, चेहरा सोन्यासारखा उजळ, बांगड्या हिरव्यागार. लोकांनी वाहवा केली. सुंद्राआक्कानं पदर डोळ्यांना लावला.

गर्दीत मंजुळा रंगारीण उभी होती. गावाची लुगडी आणि पागोटी तीच रंगवायची. जुन्या लुगड्याला नवा तुकडा जोडायचा असला, तर ती तो असा रंगवून द्यायची की नेसणारीलाही जोड सापडू नये. तिनं भिंतीकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पण मोठ्या माणसाच्या कामात न विचारता बोलायचं कशाला, म्हणून ती गप्प राहिली.

तेवढ्यात एक परगावचा कासार बांगड्यांची माळ खांद्यावर घेऊन चावडीत टेकला. भिंतीकडे बघत तो सहज म्हणाला, "चित्र झकास आहे. पण ही बाई कोण? नंतर काढलेली दिसते."

आता सगळ्यांनाच ते दिसू लागलं. ठकू पाण्यात उभी नव्हती, भिंतीवर चिकटवली होती. तिच्या शेजारचे सातही जण आजारातून उठल्यासारखे फिकट वाटत होते. सुंद्राआक्का खांबाला टेकून खाली बसली.

"पाटील," ती हळूच म्हणाली, "यापेक्षा ती नव्हती ते बरं होतं. आता तर भिंतच सांगतेय, की हिला मागाहून घातली."

चितारी दुखावला. "माझ्या रंगात खोट नाही," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं.

मग मंजुळा पुढे आली. "पाटील, मला हे जमेल."

"तू कापड रंगवतेस, मंजुळा. ही भिंत आहे."

"भिंतीवर गेला म्हणून रंगाचा स्वभाव बदलत नाही. आकार चितारीबुवांनी नेमका धरलाय, त्याला मी हात लावणार नाही. रंग तेवढा माझ्यावर सोडा."

जत्रेला बारा दिवस उरले होते. पाटलांनी आक्काकडे पाहिलं. आक्कानं मान हलवली.

पहिले तीन दिवस मंजुळानं कुंचला हातात घेतला नाही. ती नुसती भिंतीसमोर बसून राहायची. तिनं पळसाचं एक जाड पान घेतलं, त्याला मसुराएवढं भोक पाडलं आणि त्यातून भिंतीचा एकेक ठिपका पाहू लागली. आजूबाजूचं झाकलं गेलं की रंग आपलं खरं रूप दाखवतो. दुरून पांढरी वाटणारी धोतरं पानातून पाहिली तर शिळ्या ताकासारखी होती. लाल पागोटी भाजक्या विटेची होती. चाळीस वर्षांच्या उन्हानं आणि शेकोटीच्या धुरानं प्रत्येक रंगात थोडी राख मिसळली होती. शिवाय जुन्या चिताऱ्यानं चित्रात मावळतीचं ऊन धरलं होतं. प्रत्येकाची डावी बाजू पिवळसर होती आणि उजवीवर निळसर सावली होती. नव्या ठकूवर मात्र भर दुपार होती.

चौथ्या दिवशी तिनं रंग कालवायला घेतले. गेरू, कावेची माती, चुना, चिमूटभर काजळ. प्रत्येक मिश्रण ती चुना दिलेल्या खापरीवर लावायची, उन्हात वाळवायची आणि मग भिंतीला टेकवून पाहायची. ओला रंग एक बोलतो आणि वाळल्यावर दुसरंच, हे तिला कापडानं शिकवलं होतं. वीस खापऱ्या तिनं फेकल्या. एकविसावी भिंतीला टेकवली, तशी खापरीची कडच तेवढी दिसत राहिली. रंग भिंतीत मिसळून गेला.

तेवढ्यात पाटील आले. त्यांनी वाटीतला रंग पाहिला आणि त्यांचा आवाज चढला. "हा चिखल आहे, मंजुळा. गाव वाचवणाऱ्या बाईला तू चिखल फासणार? तिच्या मानाचा तरी विचार कर."

त्यांच्यापाठोपाठ आलेली आक्काही घरी जाऊन पेटीतलं एक जुनं लुगडं घेऊन आली. पेटीच्या अंधारात त्याचा रंग तसाच राहिला होता. "हे बघ. त्या दिवशी ती हेच नेसली होती. मला लाल हवा तो हा."

मंजुळा चिडली नाही. तिनं लुगड्याला नमस्कार केला. "आक्का, हा लाल खरा आहे. आता तुम्हीच तो भिंतीला लावून बघा."

आक्कानं लुगड्याचा काठ तिसऱ्या माणसाच्या खांद्याशी धरला. तो लाल भिंतीवर ओरडल्यासारखा दिसला. चितारीबुवांच्या लालासारखाच.

"आता लुगडं काढा," मंजुळा म्हणाली, आणि त्याच जागी तिनं आपली खापरी टेकवली.

आक्का बघत राहिली. वाटीत जो चिखल होता, तो त्या मातकट पाण्याशेजारी, त्या विटकरी पागोट्यांशेजारी लाल झाला होता. ओला, संध्याकाळच्या उन्हातला लाल.

"पाटील," मंजुळा म्हणाली, "या भिंतीवर लाल म्हणतात तो याला. त्या सातांवरून जेवढं ऊन गेलं, तेवढं ठकूवरूनही जायला हवं. ते धुरकट झाले तर तीही होणार. तिला एकटीला उजळ ठेवली, तर तिला मान नाही मिळणार, ती फक्त त्यांच्यातून बाहेर पडेल."

पाटलांनी मान डोलावली. आक्का लुगड्याची घडी घालत म्हणाली, "लाव तुझा चिखल, पोरी."

राजधानीचा चितारी हे सगळं दारातून पाहत होता. तो आत आला आणि स्वतःच्या हातांनी आपला लाल खरवडू लागला. "नमुना बघून रंग लावायला मी शिकलो," तो म्हणाला, "शेजार बघायला शिकलो नाही." पुढचे दिवस तो मंजुळाला काव घोटून देत राहिला. मंजुळानं ठकूचा चेहरा आणि बांगड्याही शेजारच्यांशी जुळवल्या, लुगड्याच्या डाव्या बाजूला ऊन दिलं, उजवीकडे सावली दिली, आणि कमरेखाली लाल हळूहळू गढूळ पाण्यात विरवला. एका जागी सावली जास्त निळी झाली. ती खरवडून तिनं पुन्हा लावली.

जत्रेच्या सकाळी चावडी माणसांनी भरली. पलीकडच्या गावांहून पाहुणे आले होते. एक बाप आपल्या लेकीला खांद्यावर घेऊन भिंतीतली माणसं मोजून दाखवत होता. तो आठापर्यंत मोजून पुढे गेला. कुठं अडखळला नाही, काही विचारलं नाही.

सुंद्राआक्का ओंजळभर झेंडू घेऊन आली. तिनं पहिल्याच्या पायाशी एक फूल ठेवलं, दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. ठकूपाशी ती थबकली, पण फूल तिथंही एकच ठेवलं, आणि तशीच शेवटपर्यंत गेली.

एका पाहुण्यानं पाटलांना विचारलं, "हे आठही जण कुणी रंगवले हो? एकाच हातचे दिसतात."

पाटलांनी मंजुळाकडे पाहिलं. तिनं मानेनंच नको म्हटलं. तेव्हा पाटलांनी त्या जुन्या फिरत्या चिताऱ्याचं नाव सांगितलं. आपलं काम फत्ते झालं हे मंजुळाला तेव्हा कळलं. ती समाधानानं जत्रेतली दुकानांची पालं बघायला निघून गेली.

म्हणून जाणती माणसं सांगतात: ज्याला आपल्यात घ्यायचं, त्याला झळाळी देऊन वेगळं काढू नये, त्याचा रंग शेजाऱ्याशी जुळवावा, तोच खरा मान.